डोळे समोर

गाडी शिकवणाऱ्या माणसाला दिवसभर एकच गोष्ट ओरडून सांगावी लागते, ती म्हणजे आरशात बघा. मागे बघा, बाजूला बघा आणि मग गाडी हलवा. लोक बघत नाहीत. स्टीअरिंगला लटकतात आणि समोरच्या काचेवरून डोळे काढत नाहीत. माझा घसा याच कामात बसला आहे. आणि अशा माझ्यावर सख्ख्या भाचीला 'डोळे समोर ठेव, इकडेतिकडे बघू नकोस' असं शिकवायची वेळ आली. थट्टाच करायची होती नशिबाला, तर जरा बरी तरी करायची.

ही भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी. मी तिला लहानपणापासून 'साहेब' म्हणतो, कारण नीट चालायला लागायच्या आधीच तिने घरात हुकूम सोडायला सुरुवात केली होती. बाहुल्यांची हजेरी घ्यायची आणि उशिरा आलेल्या बाहुलीला कोपऱ्यात उभं करायची. पुढे तिला व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तेव्हा मी म्हणालो, चला, आता कागदोपत्रीही साहेब होणार. हुशार होती, पण तिच्या हुशारीला एक लकब होती. विचार करायला लागली की तिची नजर डावीकडे वर जायची, खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यात कुठेतरी टेकायची आणि उत्तर घेऊनच खाली यायची. शाळेतल्या बाई विचारायच्या, उत्तर काय भिंतीवर लिहिलंय का गं? सगळा वर्ग हसायचा आणि तीही हसायची.

तिचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, बुटांच्या मोठ्या दुकानात विक्रेते होते. आवाज खणखणीत. गिऱ्हाईक रस्त्याच्या पलीकडे असतानाच ते 'या, तुमच्या मापाचा आलाय' म्हणून हाक मारायचे. कुजबुजणं त्यांना जमायचंच नाही. बहिणीशी घरात काही गुपित बोलले तर ते खालच्या मजल्यापर्यंत पोचायचं. लेकीला पहिल्या सत्रात उत्तम गुण मिळाले तेव्हा त्यांनी ती बातमी बूट घालून बघणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. एका गिऱ्हाइकाने म्हणे सुटका व्हावी म्हणून मापही न बघता बूट घेतले.

आणि मग एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातून वस्तरा गळून पडला. पक्षाघात. उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. जीव वाचला, पण एकेक शब्द ओढून काढावा लागायचा, आणि तो बाहेर येईपर्यंत ऐकणाऱ्यालाच दम लागायचा. भाची वसतिगृहातून घरी आली ती परत गेलीच नाही. बहीण इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला, तिची पाळी चुकवता येत नाही. मग वडिलांजवळ कोण बसणार? संस्थेने घरून शिकायची सोय दिली होती, ती तिने घेतली. तास लॅपटॉपवर, गटचर्चा लॅपटॉपवर आणि परीक्षाही लॅपटॉपवर.

परीक्षेची गोष्ट मात्र मला समजायला वेळ लागला. मला वाटायचं, पलीकडे कुणी मास्तर बसून बघत असेल. तर नाही. बघणारं एक सॉफ्टवेअर. ते तुमचे डोळे बघतं, ओठ हलतात का बघतं, खोलीतले आवाज ऐकतं, आणि काही वावगं वाटलं की लाल निशाणी मारतं. तीन निशाण्या झाल्या की पदवी रोखली जाते आणि प्रकरण चौकशी समितीकडे जातं. समितीकडे गेलेलं कुणी सुखरूप परत आल्याचं तिच्या वर्गात कुणाला आठवत नव्हतं. तिला एका कंपनीने नोकरी देऊ केली होती, पण तीही पदवी हातात आली तरच.

पहिली निशाणी तिला त्या खिडकीने मिळवून दिली. विचार करताना नजर डावीकडे वर गेली, एकदा, दोनदा, पुन्हापुन्हा. सॉफ्टवेअरने ठरवलं की तिथे काहीतरी लिहून चिकटवलेलं आहे. दुसरी निशाणी मेहुण्यांमुळे. पेपर चालू असताना त्यांना आतल्या खोलीत पाणी हवं होतं. त्यांनी हाक मारली, 'बा... ळ.' एवढंच. ईमेल आला की खोलीत दुसरी व्यक्ती असून ती विद्यार्थिनीशी बोलत आहे. भाचीने तो वाचून गुपचूप बंद केला. पण माझ्या बहिणीला राग आवरत नाही. ती त्या रात्री पाळीवरून आली, तिला ते कळलं, आणि ती स्वयंपाकघरात भांडी आपटत म्हणाली, "बापाने पोरीला हाक मारली तर तीसुद्धा चोरी?" मेहुण्यांनी ते ऐकलं.

त्यांना डॉक्टरांनी रोज मोठ्याने आ, ई, ऊ म्हणायला सांगितलं होतं, जीभ सुटावी म्हणून. ते त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं. पाणी हवं असेल तर पेल्याकडे बोट दाखवायचे. मी गेलो की डोळ्यांनीच 'ये, बस' म्हणायचे. मला आधी वाटलं, दुखणं वाढलं. मग एकदा भाची दुकानात गेली असताना मी त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी आधी दाराकडे बघितलं, मग बंद लॅपटॉपकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. बंद लॅपटॉप होता हो तो.

शेवटच्या सत्राचा शेवटचा पेपर राहिला होता आणि आणखी एक निशाणी पडली की सगळं संपणार होतं. भाचीने मला बोलावून घेतलं. म्हणाली, "मामा, तू लोकांना शिकवतोस ना डोळे कुठे ठेवायचे? मला शिकव."

"मी उलटं शिकवतो, साहेब."

"मग उलट्याचं उलटं शिकव."

लॅपटॉपच्या कॅमेऱ्याखाली तिने एक लाल टिकली चिकटवली. ती समोर बसायची, मी बाजूला खुर्ची टाकून तिच्या डोळ्यांवर नजर ठेवायचो आणि पुस्तकातले प्रश्न विचारायचो. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. बाजारपेठेचे विभाग कसे पाडतात, भाववाढीचा मागणीवर परिणाम काय, असलं काहीतरी. तिची बुबुळं डावीकडे सरकली की मी म्हणायचो, "हं." ती दचकायची आणि डोळे परत टिकलीवर आणायची. सुरुवातीला गंमत वाटली. मी म्हणालो, तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला सांगेन, बाईला एवढं टक लावून बघायची सवय मीच लावली. ती हसली, पण हसतानाही डोळे टिकलीवरच होते.

कठीण भाग वेगळाच होता. नजर बांधली की तिला उत्तरच सुचेना. येत असलेलं उत्तर अडायचं. ती दात दाबून बसायची, कपाळावर घाम यायचा. मग हळूहळू जमायला लागलं. डोळे न हलवता विचार करायला ती शिकली. मी एकदा मुद्दाम बाजूला चमचा पाडला. ती हलली नाही. दार आपटलं, तरी हलली नाही. मी शाबासकी दिली खरी, पण घरी जाताना मला बरं वाटत नव्हतं. जेवायला बसली की ती ताटाकडे न बघता समोरच्या माणसाकडे बघत घास घ्यायला लागली होती. माझी बहीण म्हणाली, "असं बघू नकोस गं, भीती वाटते."

तिला जरा मोकळी हवा मिळावी म्हणून मी एका दुपारी तिला शिकवणीच्या गाडीत बसवलं. परवाना तिला कधीच मिळालेला होता, हात चांगला होता. बाजारामागच्या रुंद रस्त्यावर तिने गाडी डावीकडे वळवायला घेतली, आणि आरशात बघितलं नाही. बाजूलाही बघितलं नाही. डाव्या अंगाला एक सायकलवाला येऊन खेटला होता. शिकवणीच्या गाडीत दुसरा ब्रेक माझ्या पायाखाली असतो, तो मी दाबला. सायकलवाल्याने शिव्यांची लाखोली वाहिली आणि तो गेला. ती स्टीअरिंग धरून समोर बघत होती.

"दिसला नाही?" मी विचारलं.

"दिसला. कडेने दिसला. पण मान वळेना, मामा."

गाडी कडेला लावून आम्ही बसून राहिलो. माझं डोकं तापलं होतं, पण मी नुसती किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. ती स्वतःच बोलायला लागली.

"आम्हाला एक विषय होता. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की त्याची नजर कुठल्या फळीवर थांबते, किती थांबते, हे कॅमेऱ्याने मोजतात. नजर थांबली की तिथे महागाची वस्तू ठेवायची. मी त्यावर निबंध लिहिला होता. सगळ्यात जास्त गुण मलाच मिळाले. बाबांना वाचून दाखवला तर ते म्हणाले, 'मी पण नजर बघायचो, पण गिऱ्हाईक माझीही बघायचं.' तेव्हा मला ते साधंसं वाटलं होतं."

"आणि आता?"

"आता मी फळीसमोर उभी आहे आणि मला पलीकडचं कुणी दिसत नाही. माणूस असता तर सांगितलं असतं ना, की बाई, मला अशीच सवय आहे, वडील आजारी आहेत. हे कुणाला सांगू? तक्रारीचा ईमेल केला तर उत्तरही त्याच यंत्राचं येतं. 'आपल्या भावना आम्ही समजू शकतो' म्हणे."

मी म्हणालो, "मग लिही की ते तुझ्या त्या पानावर. इतके लोक बघतात तुला."

तिचं एक पान होतं सोशल मीडियावर. एका मिनिटात व्यवसायातली एक कल्पना समजावून सांगायची. छान सांगायची. मला 'तोट्यात विकून नफा कसा होतो' हे तिच्यामुळेच कळलं. बरेच लोक ते बघायचे.

"लिहिलं होतं. पाठवायच्या आधी पुसून टाकलं. नोकरी देणारे पण बघतात, मामा. ही मुलगी तक्रारखोर आहे, हिच्या नावावर निशाण्या आहेत, असं म्हणतील. वर्गातले सगळे रोज काहीतरी टाकतात, 'कळवण्यास आनंद होतो की'. ह्याला आनंद होतो, तिला आनंद होतो. घाबरलोय असं कुणीच कळवत नाही. मग मीही पुस्तकांचा फोटो टाकला, 'शेवटचा टप्पा' म्हणून, हसऱ्या चेहऱ्यासकट. खूप लाइक आले. त्या लाइकांचीही आता मला भीती वाटते. नापास झाले तर एवढ्या सगळ्यांदेखत होणार."

मी तिला धीर देण्यासाठी काहीबाही बोललो. पण खरं सांगायचं तर मीच मनातून टरकलो होतो. माझ्या धंद्यात भीती कुठून येणार ते दिसतं. ट्रक येतो, खड्डा येतो, म्हातारं माणूस मध्येच रस्ता ओलांडतं. इथे समोर नुसती एक काच, आणि कुठेच ब्रेक नाही. परत येताना गाडी मी चालवली.

पेपरच्या दिवशी बहिणीला सुट्टी मिळाली नाही. तिच्या जागी मी आलो. घर म्हणजे दोन खोल्या आणि त्यामागे स्वयंपाकघर. जिन्यावरून दार उघडलं की थेट बाहेरच्या खोलीत पाय पडतो, आणि तिथेच तिचं टेबल. आतल्या खोलीत मेहुणे. आत कुणी जायचं तर टेबलाच्या बाजूनेच जावं लागणार, म्हणून मला घरात थांबता येणार नव्हतं. दार आतून लावून ती बसणार आणि मी जिन्यावर पहारा देणार, असं ठरलं. मी दारावरच्या घंटीची तार काढून ठेवली. भिंतीवरचा आरसा, घड्याळ, सहलीचा फोटो, सगळं उतरवून पलंगाखाली सारलं. सॉफ्टवेअरला भिंत कोरी लागते.

मेहुण्यांची तयारी भाचीने स्वतः केली. हाताशी पाण्याचा पेला, लघवीचं भांडं, तोंड पुसायला टॉवेल. डाव्या हातात मोठ्या बटणांचा फोन दिला आणि सांगितलं, "बाबा, काही लागलं तर हे एकच बटण दाबा. आवाज होणार नाही. मामाच्या खिशातला फोन थरथरेल आणि मामा येईल."

त्यांनी मान हलवली. मग खुणेने विचारलं, मामा आला तर तुझं काय?

भाचीने टॉवेलची घडी सरळ केली. मग म्हणाली, "तुम्ही दाबा हो. बाकीचं मी बघते."

त्यांनी परत मान हलवली, पण सावकाश. मी उंबऱ्यात उभा होतो. मेहुण्यांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. पूर्वी एखादं गिऱ्हाईक पटलं की ते असेच डोळे मिचकावायचे. मी म्हणालो, "मेहुणे, आज चिडीचूप. आयुष्यभराच्या आवाजाची भरपाई आज एका दिवसात करायची आहे." ते अर्ध्या तोंडाने हसले.

तिने स्वतःचा फोन माझ्याकडे दिला, कारण तो खोलीत चालत नाही. मग लॅपटॉप हातात घेऊन खोलीचे चारी कोपरे कॅमेऱ्याला दाखवले, टेबलाखाली दाखवलं, कानांवरचे केस मागे करून कान दाखवले, बाह्या वर करून मनगटं दाखवली. मला ते बघवेना. मी बाहेर आलो आणि कडी लागल्याचा आवाज ऐकला.

जिन्यावर बसून मी डोळ्यांत तेल घालून पहारा करत होतो. पार्सलवाला वर यायला लागला, त्याला मी अर्ध्या जिन्यात अडवून पार्सल घेतलं. समोरच्या बाईंना दार हळू लावायची विनंती केली. त्या म्हणाल्या, "कुणी आजारी आहे का?" मी म्हणालो, "परीक्षा आहे." त्यांनी असा चेहरा केला की आजारपण परवडलं.

माझ्या एका खिशात माझा फोन आणि दुसऱ्यात तिचा. तिचा सारखा थरथरत होता. वर्गाच्या ग्रुपवर शुभेच्छा, हसरे चेहरे, कुणाचं इंटरनेट गेलं, कुणाला रडू येतंय. दर थरथरीला मी हात खिशात घालायचो, आणि तो तिचाच फोन निघायचा. माझा गप्प होता. शेवटी मी माझा फोन बाहेर काढून तळहातावरच ठेवला. म्हटलं, मेहुण्यांची हाक आली तर चुकायला नको.

मध्येच कधीतरी धप्प असा आवाज झाला. जड, एकदाच. मी ताडकन उठलो. वरच्या मजल्यावर सकाळपासून कुणीतरी कपाटं हलवत होतं, घर बदलत होते वाटतं. मी वर बघून दात-ओठ खाल्ले. माणसांना दुपारची वेळ कळत नाही. मग दाराला कान लावला. आत काही नाही. कीबोर्डची टकटक, म्हणजे तिची बोटं चालू होती. मधे थोडी थांबली, आणि परत चालू झाली. हातातल्या फोनकडे बघितलं. तो गप्प होता. फोन गप्प आहे म्हणजे मेहुणे ठीक आहेत, असं मी स्वतःला समजावलं आणि खाली बसलो. पण माझी पाठ भिंतीला टेकेना. दार ठोठावावं का? ठोठावलं तर निशाणी. नाही ठोठावलं तर... तर काय, हे मी मनात पुरतं बोललोच नाही. शिकवणीच्या गाडीत माझा उजवा पाय कायम ब्रेकवर असतो. तो पाय त्या जिन्यावर आपोआप पायरी दाबत होता.

कडी वाजली. ती दारात उभी होती, पांढरीफटक.

"झालं," ती म्हणाली. "एकही नाही, मामा. एकही निशाणी नाही."

मी तिला जवळ घेणार, तेवढ्यात ती वळली आणि आतल्या खोलीकडे पळाली. मीही मागोमाग गेलो.

मेहुणे पलंगावरून खाली पडले होते. उजव्या कुशीवर, पाय विचित्र वळलेला. भांड्यापर्यंत हात पोचवताना तोल गेला असावा. पाणी सांडून सदरा भिजला होता. डोळे उघडे होते आणि त्यांतून धारा लागल्या होत्या. टॉवेल त्यांनी तोंडात कोंबला होता, पार आतपर्यंत, आणि दातांनी आवळून धरला होता. डाव्या हातात फोन होता. हातातच होता हो, अंगठा बटणापाशीच होता. दाबला नव्हता.

मी टॉवेल ओढून काढला. इतका वेळ आत दाबून धरलेला आवाज त्यांच्या तोंडातून बाहेर पडला. तसा आवाज मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तोही त्यांनी मधेच गिळला आणि बाहेरच्या खोलीकडे नजर टाकली. भाची म्हणाली, "बंद आहे, बाबा, बंद केलाय, ओरडा तुम्ही, ओरडा." ते ओरडले नाहीत. अंगठा वर करून त्यांनी तिला विचारलं. ती मान हलवत राहिली, हो, हो, झाला, चांगला झाला. मग त्यांनी डोळे मिटले.

रुग्णवाहिका आली. बहिणीच्याच इस्पितळात नेलं, तिथे खुब्याचं हाड मोडल्याचं निघालं. बहीण खालच्या धुलाईघरातून ओल्या हातांनीच धावत वर आली आणि डॉक्टरांच्या मागे गेली. शस्त्रक्रियेआधी मेहुण्यांना एका पडद्याआड खाटेवर ठेवलं होतं. सुई टोचली होती, दुखणं जरा उतरलं होतं. भाची खाटेच्या कडेला बसली होती. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, समोरच्या पडद्याकडे एकटक बघत होती. मला वाटलं, दमली असेल. मी पाणी आणायला निघालो, आणि ती बोलायला लागली.

"बाबा, मला ऐकू आलं होतं."

मी थांबलो.

"तुम्ही पडलात ते. मला ऐकू आलं. मला कळलं होतं की ते वरचं नाही, आपल्याच घरातलं आहे. माझा हात थांबला. मान वळवायची होती, बाबा. मी वळवली नाही. पुढचा प्रश्न लिहायला घेतला." तिचा आवाज चिरका झाला. "मी ऐकलं आणि लिहीत बसले."

मला वाटलं, हे त्यांना आत्ता का सांगतेय ही, मरणाच्या दारात नसले तरी माणूस केवढ्या वेदनेत आहे. मेहुणे तिच्याकडे बघत होते. मी वाट बघत होतो की ते रागावतील, किंवा रडतील, किंवा चांगला हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवतील. कुठलाही बाप यातलं काहीतरी करतो. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. डोळे मोठे झाले. ते घाबरले होते, आणि पडल्याचं भय ते नव्हतं.

"तु... तुला," ते जिभेशी झटापट करत म्हणाले. "तुला... ऐकू... आलं?"

"हो, बाबा."

"मग... त्याला... पण... आलं असेल."

भाचीने त्यांच्याकडे मान वळवली. ती नाही, नाही म्हणत होती, निशाणी नाही आली, बाबा, मी बघितलंय, नाही आली. त्यांचा तिच्यावर विश्वास बसला नाही. एकदाच झाला आवाज, चुकून झाला, असं काहीतरी ते पुटपुटले आणि चांगला हात स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून पडून राहिले. डॉक्टर त्यांना न्यायला आले तेव्हाही तो हात त्यांनी काढू दिला नाही.